काही काम नव्हतं

पहाटे साडेपाच, द्वारकेच्या पुलाखाली
सतरा सीटची गाडी, दार उघडं,
आत अनोळखी मफलर बसलेले.
माझी सीट अकरा नंबरची.
मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलं.
कुणी नाव विचारायला नको,
मग मिस्टर कुठे असतात, मग मुलं किती.

याआधी एकदा रामशेजला गेले होते
अशाच कुठल्याशा ग्रुपबरोबर.
गड चढून उतरेपर्यंत चार वाक्यं बोलले,
त्यातली दोन 'सॉरी' होती.

सायखेड्याच्या अलीकडे शेजारच्या बाईनं
न विचारता थर्मासचं झाकण हातात दिलं.
गवती चहा, साखर भरपूर.
"मला डायबेटिस आहे," मी म्हणाले. खोटंच.
"मग अर्धाच प्या," ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत राहिली,
जणू संभाषण व्यवस्थित पार पडलं होतं.

नांदूर मध्यमेश्वर. पाण्यावर धुकं,
काठावर शेवाळ, चपलांना चिखल.
खाणगावचा अंकुश नावाचा पोरगा पुढे,
मागे आम्ही : सातपूरचा एक टर्नर,
दातांची डॉक्टर, तिचा कंटाळलेला मुलगा,
आणि नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, आडनावच पगार.
ते बदकं शंभराच्या गड्ड्यांनी मोजत होते,
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

चांगली दुर्बीण एकच. ती हातोहात फिरत होती.
माझ्याकडे आली तेव्हा मला काहीच दिसेना,
नुसतं दूध सांडल्यासारखं.
"माझ्या नंबरवर लावलीय," थर्मासवाली म्हणाली,
"मधलं चाक फिरवा. हळू. अजून हळू.
पुढे गेलात, जरा मागे या."
आधी एक डाग आला, मग डागाला मान आली,
मग चोच. टोकाला पिवळी, मुळाशी लाल.
"हे हळदीकुंकू बदक," अंकुश म्हणाला.

जानेवारी होता. सोसायटीत घरोघरी वाणं लुटली जात होती.
तीन संक्रांती माझ्या दाराची बेल
कुणी त्यासाठी वाजवली नव्हती.
मी दुर्बीण खाली केली नाही, करता येईना.
शेजारून आवाज आला, अगदी हलका :
"यंदा आपल्या दोघींना बोलावणारं हे एकच, काय?"
तेव्हा तिचं नाव विचारलं.
नफीसा. देवळाली कॅम्पात शाळेत भूगोल शिकवते.
मी हसले. मोठ्यांदा. बदकं उडाली.
पगारांची मोजणी पुन्हा एकपासून.

परतताना मिसळ. तर्रीनं सगळ्यांची नाकं वाहत होती,
आणि वाहत्या नाकांच्या माणसांना
एकमेकांशी फार शिष्टपणे वागता येत नाही.
टर्नरनं त्याचा पापड मोडून चौघांना वाटला.
दातांच्या डॉक्टरनं कुणाच्याच दातांकडे पाहिलं नाही.

माझ्या फोनमध्ये माणसं कामांनी ओळखली जातात :
सुनील गॅस, बँक मॅडम, प्लंबर जुना, प्लंबर नवा.
त्या रात्री मी 'नफीसा' लिहिलं
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.
पक्षी लिहिलं, खोडलं. थर्मास लिहिलं, खोडलं.
नुसतंच नाव राहू दिलं. यादीत ते
काहीतरी घालायचं विसरल्यासारखं दिसत होतं.

बुधवारी दुपारी त्याच नावाचा फोन.
मी ऑफिसातल्यासारखीच म्हणाले, "बोला, काय काम होतं?"
"काही काम नव्हतं."

यावर काय बोलतात ते मला आठवेना.
कॉलेज रोडला, विशी-बाविशीत, येत असावं.
खाली भंगारवाला ओरडत गेला, तो पूर्ण ऐकला.
मग जे तोंडात आलं ते बोलले :
"खरं सांगू का, मला डायबेटिस नाहीये."

"माहितेय," ती म्हणाली.
"उरलेला अर्धाही तूच प्यायलीस."