जागा उरली म्हणून

रुवीत मला पत्ता नाही.
पोस्टमन इथे दारात येत नाही,
कंपनीच्या पेटीचा एक नंबर तेवढा आहे.
दादांनाही नंबरच होता, अकराशे सत्त्याहत्तर.
आईला अडीचकीचा पाढा कधी आला नाही,
हा नंबर मात्र झोपेतही यायचा.

पत्रं कमीच. तिला लिहिता यायचं,
पण लिहिलेलं वाळून जातं, म्हणायची.
म्हणून कॅसेट. साठ मिनिटांची, एकच.
बनियनमध्ये गुंडाळून
हमीदभाई हाजवानींच्या बॅगेतून जायची यायची,
ते नसले तर सुट्टीवर जो निघेल त्याच्या हाती.

नवी घ्यायची तर चारशे बैसा.
(बैसा म्हणजे आपला पैसाच,
नाक चोंदलेल्या माणसाने म्हटलेला.)
तेव्हा दादा बोलायचे, आई ऐकायची,
मग त्याच्यावरच आई बोलायची.
तिच्या आवाजाखाली त्यांचा जायचा,
पुढच्या खेपेला त्यांच्याखाली तिचा.
थुंकी लावून पाटी पुसावी
आणि ओलसर असतानाच लिहावं, तसा
अकरा वर्षं संसार केला त्यांनी.
एकाने बोलायचं म्हणजे
दुसऱ्याने पुसलं जायचं,
आणि याचं कुणालाच काही वाटलं नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
खड्ड्यात उतरलो की रेंज जाते,
वर आलो की खिसा थरथरतो:
दर्शनाचे सात, स्वरांगीचे तीन,
सोसायटीच्या पाण्याचा एक,
गुड मॉर्निंगची फुलं तर मोजत नाही.
व्हिडिओ लावला की अडकतो,
दर्शनाचं तोंड उघडंच राहतं,
म्हणून आम्ही नुसते आवाज धाडतो एकमेकांना.
तिकडे सगळं दीड तास आधी होऊन जातं.
स्वरांगीचा दात पडला तेव्हा
माझ्या घड्याळात तो अजून हलत होता.

मेमरी भरली की फोन विचारतो, जुनं काढू का?
मी काढत नाही. मोठं कार्ड घेतो.
चार हजारांवर आवाज साठलेत आता,
"थांब, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय",
"गॅसवाला आला, मग बोलते",
आणि त्यातला एकही
मी दुसऱ्यांदा ऐकलेला नाही.

मागच्या सुट्टीत ती कॅसेट सापडली,
पिठाच्या डब्यामागे.
हमीदभाईंच्या मुलाकडे एक टेप निघाला, धुळीचा.
पेन्सिल घालून फीत ताणली, लावली.
आईची शेवटची खेप होती ती, न पाठवलेली,
कारण त्याआधी दादाच आले.
गाय, मीटरचं बिल, माझा ताप,
गायीचंच पुन्हा. सव्वीस मिनिटांत तिचं संपलं.
बरं, बंद करते. खट्.

आणि उरलेल्या जागेत दादा.
कुठल्याशा जुन्या वाक्याच्या पोटातून, मधूनच:
"...आणि मागल्या दारची पायरी हालते ती,
अंधारात जपून पाय टाक.
बाकी काय. इथे खूप गरम."
मग पंखा.
मग पंखाच, शेवटपर्यंत.
बोलायला काही उरलं नसेल,
तरी फीत संपेपर्यंत बटण दाबलं नाही त्यांनी.
आई शेंगा सोलत होती. म्हणाली,
पायरी केव्हाच बदलली.
आणि शेंगा सोलायची थांबली नाही,
फक्त टरफलं वाटीत आणि दाणे सुपात पडू लागले.

काल रात्री दर्शनाला सांगितलं,
जेवलो, आमटी बरी होती, उद्या शुक्रवार.
एवढ्यात संपलं.
अंगठा उचलला नाही.
एसी वाजत राहिला,
वरच्या मजल्यावर कुणी बादली सरकवली.
दोन मिनिटं अकरा सेकंद.

दीड तास पुढून उत्तर आलं,
झोपेत टाइप केलेलं:
चुकून दाबलं गेलं का?