सुकेपर्यंत

अस्मारातल्या पेन्शन कचेरीत कारकून विचारतो,
"सन तीस. लिबिया. हुद्दा? कामगिरी?"
मी म्हणतो, अस्कारी हब्तेझ्गी. शिपाई लिहा.
कामगिरी : सिमेंट राखणं.
तो चष्मा कपाळावर सारतो.
"पूल होता? बंदर?"
नाही साहेब. विहीर.

सातवी होती ती. आधीच्या सहा
आम्ही दिवसाउजेडी बुजवल्या, आणि रात्री पोटभर जेवलो.
हे लपवत नाही.
लेफ्टनंट बोर्सातीचं गणित सोपं होतं :
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
पोहऱ्यात नाही तर बंड कुठून.

तोंडावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर तारेची जाळी,
वर वीतभर जाड सिमेंट.
माझ्या हाती बंदूक, पाच गोळ्या,
आणि पाण्याची दोन पिंपं.
लहान माझं.
मोठं सिमेंटचं.

तुम्ही कधी बांधकाम केलंय का, साहेब?
सिमेंटला पाणी पाजावं लागतं.
गोणपाट अंथरून, दिवसातून चार वेळा,
तान्ह्या पोराला पाजावं तसं. नाही पाजलं तर तडकतं.
"सुकेपर्यंत कुणी फिरकायचं नाही," लेफ्टनंट म्हणाला,
आणि ट्रक धुळीत दिसेनासा झाला.

दुसऱ्या रात्री ती आली.
खांद्यावर रिकामी मशक, हाताला एक पोर.
मी ओरडलो. माझं अरबी तेव्हा
"थांब" आणि "चल" एवढंच.
ती थांबली. पोर थांबलं नाही.
ते चार पायांवर विहिरीपर्यंत गेलं,
गोणपाटाचा कोपरा तोंडात घेतला
आणि चोखू लागलं.

चुण् चुण् चुण्.
एवढा आवाज होता त्या अख्ख्या वाळवंटात.

मी बंदूक उचलली. खरं सांगतो, उचलली.
हुकूम होता, आणि हुकमामागे दरमहा पगार,
गावाकडे दोन बहिणी लग्नाच्या.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पण मीठ कुणाचं? माझा बाप
दनाकिलच्या खाऱ्या सपाटीवरून
खेचरांच्या पाठीवर मिठाच्या लाद्या आणायचा,
वाटेत तहानलेला भेटला तर
पखाल आधी सोडायचा, नाव नंतर विचारायचा.
कधी कधी नाव विचारायचं राहूनच जायचं.
बोर्सातीच्या पावातलं मीठ
आलं असेल तर तिथूनच.

पोराच्या ओठांना राखाडी लागली होती.
मी बंदूक वाळूवर आडवी ठेवली,
माझ्या पिंपातलं त्याला पाजलं, घोट घोट,
एकदम दिलं असतं तर ओकला असता.
मग मोठं पिंप तिच्या मशकेत कलतं केलं.
ती काही बोलली नाही. आभार नाहीत, आशीर्वाद नाही.
तोंड बांधलं, मशक पाठीवर घेतली,
आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं
की मी आजही अंगरख्याची बटणं तपासतो.

उरलेले दोन दिवस सिमेंट उपाशी राहिलं.
उन्हात टक टक आवाज यायचा,
कुणी आतून दार वाजवतंय तसा.
चौथ्या दिवशी लेफ्टनंट आला, छडी फिरवली,
बारीक केसासारखे तडे होते, कडेपासून मध्यापर्यंत.
"पाणी घातलंस?"
"घातलं."
"मग माल भिकार. जेनोव्हाच्या ठेकेदाराला लिहितो."
मी सॅल्यूट ठोकला.

तडे फळ्यांपर्यंत पोचले का, पुढे कुणी पहार घातली का,
ती दोघं त्या रात्रीनंतर किती चालली,
मला माहीत नाही. विचारायला कुणी उरलं नाही.

कारकून लिहितो : पहारा. शिक्का उमटवतो.
"कामगिरी समाधानकारक?"

लिहा काय ते.
पण आधीच्या सहा विहिरींवरचं सिमेंट
अगदी पक्कं बसलं होतं, साहेब.
ते मीच पाजलं होतं.