चुकलेलं भोक

अकोट्याच्या टेकाडाखाली, चौथ्या थरात
रोमन मद्यकुंभाची मोडकी मूठ
आणि अकीकाचा मणी, अर्धाच.

टबापाशी बसून रेवाबेन
जुन्या टूथब्रशनं खापरं घासते.
मणी उजेडाकडे धरते:
"ताई, आरपार दिसत नाही."
दोन्हीकडून पाडलेलं भोक
आत एकमेकांना चुकलंय.

रतनपूरच्या खाणीतून कुणी हा दगड
डोक्यावरून आणला असेल,
शेणीच्या आचेत लाल केला असेल,
आणि शेवटच्या जवभर अंतरात
हात ढळला.

जमलेले सगळे भडोचहून गेले
गलबतात बसून, परक्या गळ्यांत.
फसलेला तेवढा आपला,
राखेत, माशाच्या काट्यांत.

मी चिठ्ठीवर लिहिते: मणी, एक. अपूर्ण.
"मारलं असेल का गं त्याला?"
चिठ्ठीवर त्याला रकाना नाही.
ती पुढचं खापर घेते.