टेबल कुणाच्या नावानं

आधी मंगळवार ठरला.
ईरण्णा म्हणाला, मंगळवारी पोरीला बघायला येणार आहेत,
धारवाडची मंडळी, मी नसलो तर बरं दिसंल काय?
शुक्रवारी सालूचा उपास, ईस्टरपर्यंत मटण नाही.
सोमवारी ईरण्णा एकदाच जेवतो, तेही दिवे लागल्यावर.
शनिवारी मी.
उरला बुधवार,
ताटाच्या कडेला कढीपत्ता उरतो तसा.

मग वेळ.
मेहरूननं लिहिलं, दुपारी साडेबारा?
आणि कुणीच काही बोललं नाही बराच वेळ.
आमच्या घड्याळात ती मध्यरात्र.

दोन वर्षं झाली, रात्री दोनला आम्ही चौघं लुडो खेळतो.
उद्यमबागेत भट्टी तापेपर्यंत मी.
संकेश्वरला साखर कारखान्याच्या गेटवर ईरण्णा.
घटप्रभेच्या दवाखान्यात,
एक सलाईन संपून दुसरं लावेपर्यंत, मेहरून.
खानापुरात पाव फुगायची वाट बघत सालू.
कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नाही.
ईरण्णाच्या फोटोत बैल आहे.
सालूच्या फोटोत केक, मेहरूनच्या नुसती कपबशी,
माझ्या फोटोत माझी मुलगी, पुढचे दोन दात पडलेली.
दात कधीच आले. फोटो बदलायचा राहिला.

एकदा मेहरूननं मध्येच लिहिलं,
पाच नंबरला बोलावलंय, आले.
चाळीस मिनिटं ती आली नाही.
तिची सोंगटी उघड्यावर उभी होती
आणि ईरण्णाला मारता येत होती. दोनदा.
त्यानं भलतीच सोंगटी पुढं ढकलली, दोन्ही वेळा.
परत आल्यावर तिनं काही सांगितलं नाही,
नुसतं म्हणाली, कुणाची पाळी?
आम्ही म्हटलं, तुझीच.

जेवायचं कुठं, ह्यावर तीन रात्री गेल्या.
ईरण्णाला जोंधळ्याची भाकरी पाहिजे, तीही कडक.
सालू म्हणतो पाव सोडून काहीही.
शेवटी स्टेशनजवळचं ठरलं,
खाली शाकाहारी, वर सगळं,
आणि जिना चढायला ईरण्णाची हरकत नाही
वर त्याला वेगळं ताट मिळत असेल तर.
मिळतं. मी जाऊन विचारून आलो.

आता साडेबाराला दहा कमी.
पांढरा शर्ट घातलाय. ऊन डोळ्यांत खुपतंय.
गल्ल्यावरचा माणूस वही उघडून म्हणतो, हेसरेनु?
मग माझं तोंड बघून, नाव सांगा की.

नाव.
माझं सांगितलं तर बाकीच्यांनी काय करायचं?
तोंडावर आलं होतं, लाल, पिवळा, निळा, हिरवा.
पण ह्या गावात लाल-पिवळा एका दमात म्हणताना
माणूस आधी मागं बघतो,
आणि भगवा तर आमच्या पटावर नाहीच.
म्हटलं, लिहा, रात्रपाळी. चौघं.
त्यानं कन्नडात लिहिलं.
सहावीपर्यंत शिकलोय, वाचता येतं.
ळ दोन्हीकडं आहे, बरं झालं.

फोन वाजतो. सालू, दुसऱ्या गेटला अडकलोय.
म्हणजे मेहरूनला स्टेशनात उतरवून
तीच गाडी आता सालूला थांबवून
खानापूरला निघालीय.
ईरण्णाचं काहीच नाही.
मग फोटो आला, बसच्या खिडकीतून,
नुसता रस्ता, आणि खाली, हत्तरगी गेलं.

सहा पडल्याशिवाय घराबाहेर निघता येत नाही.
आज चौघांना एकदमच पडले म्हणायचे.

पोरगा चार ग्लास ठेवून गेला.
मी ते जरा जवळ सरकवले, मग परत लांब.

जिन्याच्या तोंडाशी एक बाई थांबलीय,
कपाळावर हात धरून,
उन्हातून आल्यामुळं काहीच दिसत नसल्यासारखी.
बुटकी आहे. मला उगीच उंच वाटली होती.
टेबलांवरून तिची नजर फिरते,
माझ्यावरून पुढं जाते,
परत येते.

हिरवा काय?

मी उठायला जातो आणि खुर्ची मागं पडते.