हलू नका

सव्वीस वर्षं मी एकच वाक्य बोललो :
हलू नका.
सावद्याच्या बस स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर,
निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर
अख्खं गाव एकेकदा दगड होऊन गेलंय.
कान दिसू द्या, हनुवटी वर, चष्मा काढा,
पासपोर्ट, आठ कॉपी.

मग पालहून मुराद तडवी आला
शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी.
वीज गेलेली, खिडकीचाच उजेड,
म्हणून शटर हळू ठेवलेलं,
आणि पोराला नेमकी शिंक आली.
स्क्रीनवर तीन मुराद :
एक बसलेला, एक शिंकणारा,
आणि मधे एक धुराचा, हसऱ्या तोंडाचा.
माझा अंगठा डिलीटवर.
"राहू द्या न काका," तो म्हणाला,
"मधला मीच हाये."

फॉर्मसाठी दुसरा काढला, मुकाट.
पण मधला पोरगा त्या रात्री
माझ्याबरोबर घरी आला, जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी केळीचं वाळकं पान धरलं लेन्सपुढे :
चिरांमधून बाजार दिसला पट्ट्यापट्ट्यांचा,
कुणीतरी विणायला घेऊन अर्धवट टाकल्यासारखा.
कासाराकडून फुटक्या बांगडीचा तुकडा आणला.
बोरोलेंच्या मळ्यात भरिताची पार्टी होती,
कपाशीच्या काड्यांचा धूर डोळ्यांत जात होता,
तिथे शटर उघडं ठेवून मी स्वतःभोवती गरगर फिरलो.
एकच टोपी सगळ्यांच्या डोक्यावर आली.
बत्तीस फोटो वाया.
तेहेतिसावाही वाया, पण काय वाया!

"काय करून राह्यले तुम्ही?" मंगलानं विचारलं.
मला सांगता येईना.
किती वर्षांनी मला काहीतरी सांगता येत नव्हतं.

आखाजीला गच्चीवर, पाण्याच्या टाकीला
सुतळीनं डालड्याचा डबा बांधला :
सुईएवढं भोक, आत तारीख उलटलेला फोटोचा कागद.
पोळ्याला उतरवला.
सूर्यानं रोज एक रेघ मारली होती,
पाटीवर पहिलीतलं पोर मारतं तशी, जरा वाकडी,
ढगाच्या दिवशी मधेच तुटलेली.
खाली एक लिंब, आणि मुंग्यांचा डाग.
एसट्या नाहीत, माणसं नाहीत.
चार महिने सगळे इतके हलले
की कागदाला कुणी सापडलंच नाही.

तो मी लावला भिंतीवर, नवरानवरीच्या फोटोशेजारी.

काल भास्करनाना जिना चढून आले.
त्यांची मान डुगडुगते, बाभळीवर सुगरणीचं घरटं डुगडुगावं तशी.
माझ्याच स्टुलावरून तीनदा परत गेलेत :
नाना, हलू नका. नाना, अजून एकदा.
भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले.
"हे आधारले चालीन का?"
नाही, म्हटलं.
"मंग कशाले चालीन?"
कशालाच नाही.

नाना स्टुलावर बसले,
टोपी काढून मांडीवर ठेवली.
"मंग माह्याबी काढ असाच एक.
मले हलायची सवय हाये."