शेवटच्या बसच्या आधी

तीनशे प्रती छापल्या होत्या.
एकशे बारा खपल्या.
उरलेल्या सेंगा पेट्रीच्या जिन्याखालच्या कपाटात,
जिथे भिंतीला बारा महिने घाम.
म्हणून कंपनीचं नावच तिने ठेवलं
डॅम्प कपबोर्ड रेकॉर्ड्स.
कंपनी म्हणजे काय, तर सेंगा,
अक्षर बरं म्हणून पत्ते लिहायला तिची आई,
आणि डिंकाची बाटली.

अर्ब्रोथमध्ये तेव्हा मी हॅडॉक धुरावर टांगायचे,
दोन-दोन मासे, शेपटीला शेपूट बांधून.
सतरा वर्षांची. केसांतला धूर
रविवारीसुद्धा सुट्टी घ्यायचा नाही.
घरी देऊन उरलेल्या पगारात
एक सात इंची तबकडी यायची,
नाहीतर बुटांना नवा तळ.
तो हिवाळा मी ओल्या मोज्यांत काढला.

'लॉस्ट मिटन्स'ना पहिल्यांदा ऐकलं
बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत.
आम्ही अकरा जण. त्यात गायिकेची मावशी,
आणि एक म्हातारा, बिंगो आहे समजून आलेला.
दुसऱ्याच गाण्यात तार तुटली.
इनेस डफ आमच्याकडे पाठ करून ती बदलत बसला,
आणि तेवढा वेळ रोना, ड्रमच्या आडून,
आपल्या आजारी सशाबद्दल सांगत राहिली.
मी प्रेमात पडले ती तेव्हाच.
इनेसच्या नाही, रोनाच्याही नाही,
त्या चार मिनिटांच्या.
(म्हातारा शेवटपर्यंत थांबला.)

गाणं दोन मिनिटं नऊ सेकंदांचं.
गिटार अशी, की कुणी काचेच्या बरण्या
ट्रेमध्ये घालून धावत जिना उतरतंय
आणि एकही फुटत नाही.
गायिकेचा सूर किंचित खाली,
जणू दारातच उभी आहे, आत बोलवाल तर येईल.
जाणकार म्हणाले, कच्चं आहे.
हिरवी सफरचंदंही कच्चीच असतात, मी म्हटलं,
आणि दात आंबेपर्यंत खाल्ली.

सेंगाच्या यादीत पाच आहे, सात आहे.
सहा नाही.
सहाच्या वेळी पैसे संपले, असं कुणी म्हणालं,
कुणी म्हणालं, भांडण.
पस्तीस वर्षं माझ्या फळीवर
पाच आणि सातच्या मध्ये
एक बोटभर जागा मी मोकळी ठेवलीय.
नवरा होता तोवर तिथे चष्मा ठेवायचा.
मी तो रोज उचलायचे.

गेल्या मंगळवारी बॉयलर बंद पडला.
आला तो टक्कल पडलेला माणूस,
गुडघे टेकताना 'अगं आई' करणारा.
पाना धरला तेव्हा अंगठा पाहिला मी,
मागे वळलेला, तारेवर वळायचा तसाच.
काही बोलले नाही. तबकडी लावली.

तो थांबला. पाना हातातच.
पूर्ण ऐकलं, उभ्याने, जसं कुणी
ओळखीच्या घरावरून जाताना
नवे पडदे बघतं.
मग म्हणाला, "ड्रम फार पळतोय."
मी म्हटलं, तोच तर जीव आहे त्याचा.
ती धडधड, ती तळमळ,
त्यावर मी अख्खी तरुणाई काढली.
"तळमळ कसली," तो म्हणाला,
"रोना डंडीची. शेवटची बस साडेदहाला."

आणि सहा?
"टेप होती. कपाटात."
पुढे काही बोलायची गरजच नव्हती.
त्या कपाटाचं नाव आम्हा दोघांना पाठ होतं.

बिलात त्याने एक पैसा सोडला नाही.
बरंच झालं.
फुकटात ऐकणारी मी कधीच नव्हते.

आता घर ऊबदार आहे.
सुई पुन्हा सुरुवातीला ठेवते.
बाहेर अंधार, रोनाच्या काठ्या सुटल्यात,
आणि पहिल्यांदाच मला दिसतं
त्या सुरांच्या पलीकडे, रस्त्याच्या टोकाला,
दिवे लावून उभी असलेली ती बस,
आणि ड्रायव्हर, घड्याळाकडे बघत,
अजून एक कडवं
थांबायला तयार.