न पाहिलेल्या मालिकेविषयी

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याला लागून
जी पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही कोळंबी सोलतो.
सकाळी सहाला टोप पुढ्यात येतो,
सव्वासहाला झुलेखा विचारते,
"काल बघितलंत काय?"

हात बर्फात, तोंडं मोकळी.
डोकं मोडायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा
आणि नऊच्या मालिकेतली थोरली सून
त्याच टोपात सोलायला घ्यायची.

शेवंती म्हणते, एवढी रडते,
तर काजळ कसं पसरत नाय मेलीचं?
हिरावतीचं म्हणणं, कोर्ट उगाच लांबवलंय,
तीन दिवस झाले, वकील अजून खुर्चीतून उठतोच आहे.
सासूच्या बाजूची एकटी झुलेखा:
"घर तिनं बांधलान, चावी दुसरीला कशाला द्यायची?"
यावर दोन-दोन किलो सोलून होते
तरी भांडण मिटत नाही.
मध्येच कुणाचा तरी मुलगा मोबाईलवर आणतो
तो भुताच्या गलबताचा सिनेमा,
आणि सगळ्या एका सुरात म्हणतात,
असा नांगर टाकतात होय रे? भूत तरी शिकलेलं ठेवायचं.

माझं मत सर्वांत कडक.
मी म्हणते, चूक नवऱ्याची.
तो दारात उभा राहून सगळं ऐकतो
आणि आत येत नाही.
बायका माना हलवतात.
काट्यावरची दमयंतीसुद्धा
वजन अर्धवट सोडून माझ्याकडे बघते.

मी कुणाला सांगितलेलं नाही
की आमचा टीव्ही गौरी आल्या त्या दिवसापासून
निळा पडलाय. नुसता निळा, आवाजसुद्धा नाही.
दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनल गेलं, चार हजार.
चार हजार म्हणजे किती टोप
ते मी बोटांवर मोजायला बसले,
बोटं अगोदरच सोललेली.

तेव्हापासून मालिका मी कानांनी बघते.
माझ्या मालिकेतला वकील खोकतो,
कारण त्याचं बोलणं सांगताना हिरावती खोकते.
सासूला झुलेखाचा आवाज आहे, झुलेखाचीच पुढची फट.
थोरली सून उंच, घाऱ्या डोळ्यांची,
आणि घराच्या मागच्या पायऱ्या
थेट खाडीत उतरतात.
भरतीला शेवटची पायरी दिसत नाही.

परवा झुलेखाच्या मुलीची सुपारी फुटली.
बसता बसता नऊ वाजले, कुणीतरी टीव्ही लावला.
सून ठेंगणी निघाली.
घरभर नुसती चकाकी, पायऱ्या गच्चीकडे जाणाऱ्या.
वकील एकदाही खोकला नाही.
आणि नवरा? नवरा कुठेच नव्हता.
कोण तरी म्हणालं, तो गणपतीच्याही आधी
सिंगापूरला गेला, तो अजून परत नाही.

मी खाजा हातात धरून बसले.
इतके महिने दारात उभा कोण होता मग?
आणि इतक्या जणी, इतके टोप,
एकीनेही मला कधी अडवलं कसं नाही?

झुलेखा शेजारीच होती, सोफ्याच्या हातावर.
तिने माझ्याकडे बघितलं नाही.
जाहिरात लागली तशी उठून सरबत आणायला गेली.

आज सकाळी सहाला टोप आला.
कोळंबी बारीक होती, टायनी, बोटांचा जीव काढणारी.
सव्वासहाला तिने नेहमीसारखं विचारलं,
"काल बघितलंत काय?"
कुणी बोलेना.
बर्फाची गाडी मागे येत होती, तिचा तो टीं टीं आवाज.
मी म्हटलं, बघितलं.
उभाच आहे अजून दारात.

"होय गो," झुलेखा म्हणाली, मान वर न करता,
"मी पण बघितला. चपला पण काढल्यान नाय त्यानं."

मग हिरावती खोकली
आणि वकिलाचं सुरू झालं.